लंबवर्तुळातला ‘लंब’ कोणाला लंब आहे?

अश्विनी_कराड

नमस्कार मंडळी. मी कराडला घरीच दहावीची शिकवणी घेते. विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि त्यात केप्लरचा पहिला नियम येतो: ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य त्या कक्षेच्या एका नाभीवर असतो. मुलं हे घडाघडा म्हणून दाखवतात. परवा मात्र एका मुलीने विचारलं, “बाई, भूमितीत लंब म्हणजे ९० अंशांत उभी असलेली रेषा. मग लंबवर्तुळात कोण कोणाला लंब आहे?”

मी म्हटलं, इथे लंब म्हणजे लांब. तर म्हणते, “मग लांबवर्तुळ का नाही म्हणत?”

‘तसंच म्हणतात’ असं सांगून तिला गप्प बसवायची माझी इच्छा नाही. शिवाय मुलांच्या कानावर याच आकाराचे कितीतरी शब्द येतात. आरशाच्या दुकानात लंबगोल आरसा. जीवशास्त्रात अंडाकृती. माझ्या दिरांच्या कॉलेजच्या जुन्या पुस्तकात विवृत्त. आमच्या सासूबाई वांग्याला लांबट गोल म्हणतात. हे सगळं एकच आहे का? आणि हा ‘लंब’ आला कुठून? जाणकारांनी सांगावं.

नदीकाठ

सोपं आहे. लंबवर्तुळाला दोन अक्ष असतात, एक मोठा आणि एक छोटा. ते एकमेकांना लंब असतात, म्हणून लंबवर्तुळ. आम्हाला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी चित्रकामात आधी हे दोन अक्षच काढायला लावायचे. मुलीची शंका रास्त आहे आणि उत्तर तिच्या प्रश्नातच आहे.

खानदेशी_मास्तर

अश्विनीताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी चाळीसगाव तालुक्यात उभा जन्म गणित शिकवलं. मुलांना हा शब्द पाठ असतो, पण त्याच्याकडे वळून बघणारं मूल क्वचित भेटतं. तिला उत्तर नीट मिळालं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नदीकाठ यांचं म्हणणं ऐकायला चोख वाटतं, पण शब्द तसा घडलेला नाही. अक्ष एकमेकांना लंब असतात हे खरं. पण वर्तुळातही एकमेकांना लंब असे दोन व्यास हवे तितक्या वेळा काढता येतात. अपास्त (हायपरबोला) नावाचा जो शांकव, म्हणजे शंकू कापून मिळणारा वक्र आहे, त्याचेही दोन अक्ष काटकोनातच असतात आणि त्याला कोणी लंब म्हणत नाही. जो गुण सगळ्यांत आहे, त्यावरून एकाचंच नाव कसं पडेल?

संस्कृत धातू ‘लम्ब्’. त्याचा अर्थ लोंबणे, टांगलेलं असणे. मुळात तो काटकोनही नाही आणि लांबीही नाही. हे दोन्ही अर्थ नंतर त्याच खोडाला फुटले, आणि तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं त्या दोन फांद्यांच्या बेचक्यात बोट ठेवलं आहे.

आधी काटकोनाची फांदी. माझे वडील गवंडी होते. त्यांच्या पिशवीत थापी, पाणसळ, गुण्या आणि ओळंबा असायचा. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं वजन. भिंत सरळ चढते आहे की नाही हे बघायला तो वरून सोडायचा. भिंत बरोबर असली की म्हणायचे, “ओळंब्यात आहे.” हा शब्द ‘अवलंब’ झिजून तयार झाला. खाली लोंबणारं ते ओळंबा. आता बघा, लोंबणारी दोरी स्थिर झाली की ती पाण्याच्या सपाट पृष्ठभागाशी सगळीकडून काटकोन करते. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात, गणिताच्या भागात हेच दिलं आहे: सपाट जमीन पाण्याने साधावी आणि वर-खालची रेषा लंबकाने. म्हणजे आमच्या वडिलांची पाणसळ आणि ओळंबाच! पुढे भास्कराचार्यांच्या लीलावतीत त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायावर सोडलेल्या रेषेला ‘लम्ब’ म्हटलं आहे. ‘सोडलेली’ हे क्रियापद आपण आजही वापरतो. फळ्यावर लंब ‘टाकतो’ किंवा ‘सोडतो’. उभ्या रेषेवर काढायचा असला तरी सोडतोच. टांगलेल्या दोरीची आठवण त्या क्रियापदात शिल्लक आहे. अशा रीतीने लोंबणारं ते उभं झालं, आणि उभं ते काटकोनातलं झालं.

दुसरी फांदी लांबीची. जे लोंबतं ते लांब दिसतं. ‘लंबकर्ण’ म्हणजे लोंबत्या कानांचा की लांब कानांचा? दोन्ही. अर्थ कुठे वळला ते या एका शब्दात दिसतं. गणपतीच्या ‘लंबोदर’मध्ये मात्र पोट लोंबतं आहे, तिथे जुना अर्थ टिकून आहे. आपला ‘लांब’ आणि हिंदीतला ‘लंबा’ दोन्ही याच फांदीचे. आणि जे मागे लोंबत राहतं, रेंगाळतं, तो ‘विलंब’. गाण्यातली विलंबित लय तीच. दुसऱ्याला धरून लोंबायचं ते ‘अवलंबून’ राहणं.

लंबवर्तुळातला लंब या दुसऱ्या फांदीवरचा आहे. लांबट झालेलं वर्तुळ. म्हणजे ताई, मुलीला तुम्ही दिलेलं उत्तर बरोबरच होतं.

आता ‘लांबवर्तुळ का नाही’. दन्तचा दात झाला, हस्तचा हात झाला, स्कम्भचा खांब झाला, तसा लम्बचा लांब झाला. पण समास करायचा म्हटला की मराठी बहुधा जुनं रूप उचलते. आपण दंतवैद्य म्हणतो, दातवैद्य म्हणत नाही. हस्ताक्षर म्हणतो, हाताक्षर म्हणत नाही. तसंच हे. वर्तुळ हा शब्द संस्कृत ‘वर्तुल’चा, एका ‘ळ’पुरताच तो मराठी झाला आहे, म्हणून त्याच्या शेजारी संस्कृत लंब बसला. त्याच ‘वर्तुल’चं झिजलेलं घरगुती रूप आहे ‘वाटोळं’. दोन्ही शब्द घरचेच घ्यायचे ठरवले तर ‘लांब वाटोळं’ म्हणावं लागेल, आणि जुनी माणसं लांबट वाटोळं म्हणतातही. तुमच्या सासूबाईंचा ‘लांबट गोल’ त्याच घरातला. त्यांचा शब्द मुलांना अवश्य सांगा.

वाडीचा_सुतार

मास्तरांनी ओळंब्याची गोष्ट लिहिली, वाचून फार बरं वाटलं. मी सावंतवाडीला फर्निचरचं काम करतो. गिऱ्हाईक ‘ओव्हल टॉप’ म्हणून मागतं, आम्ही आपसात लंबगोल म्हणतो. मुलांना आकार दाखवायचा असेल तर आमची पद्धत सांगतो, शिकवणीत करून बघा.

समजा टेबलाचा वरचा भाग ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद हवा. प्लायवर लांबीची रेघ मारायची. तिच्या बरोबर मध्यावर गुण्या लावून रुंदीची रेघ मारायची, दीड फूट वर, दीड फूट खाली. मग लांबीच्या निम्मी, म्हणजे अडीच फुटांची पट्टी घ्यायची. तिचं एक टोक रुंदीच्या टोकावर धरायचं आणि दुसरं टोक फिरवून लांबीच्या रेघेला जिथे टेकेल तिथे खिळा ठोकायचा. डावीकडे एक, उजवीकडे एक. या मापाला खिळे मध्यापासून २-२ फुटांवर येतात, दोघांत ४ फुटांचं अंतर. आता न ताणणारा दोरा घ्यायचा आणि त्याची टोकं दोन खिळ्यांना अशी बांधायची, की मधला दोरा बरोबर ५ फूट भरेल. पेन्सिलीने दोरा ताठ ठेवून फिरवत न्यायचं. वरची बाजू झाली की दोरा खाली घेऊन खालची बाजू.

खिळे जवळ आणले की आकार गोलाकडे झुकतो, लांब नेले की निमुळता होतो. दोन्ही खिळे एकाच जागी आले की शुद्ध गोल. दोऱ्याची गाठ सैल असली तर मात्र टोकाला आकार बिघडतो आणि पॉलिशनंतर तो लगेच डोळ्यांत भरतो, म्हणून गाठीकडे लक्ष द्या.

नदीकाठ

मास्तर, अक्षांचा तुमचा मुद्दा मान्य. पण मग हा शब्द शाळेत ठेवावाच का? एकाच वर्गात, एकाच आठवड्यात ‘लंब’ म्हणजे काटकोन आणि ‘लंब’ म्हणजे लांब असं शिकवायचं, म्हणजे मुलांचा गोंधळ होणारच. विश्वकोशात विवृत्त आहे. तोच सगळीकडे वापरावा. आणि लंबगोल हा तर चुकीचाच शब्द म्हणायला हवा, नाही का? गोल म्हणजे घनाकृती. सपाट आरसा गोल कसा असेल?

खानदेशी_मास्तर

सुतारदादा, तुमचे ते दोन खिळे म्हणजेच ताईंच्या धड्यातल्या नाभी. मुलांनी एकदा हाताने दोरा फिरवला की व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही: कडेवरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन नाभींपर्यंतच्या अंतरांची बेरीज सारखीच, कारण दोरा तेवढाच आहे. आणि तुम्ही ३, ४, ५ चं माप निवडलंत हे मला फार आवडलं. अर्धी लांबी अडीच, अर्धी रुंदी दीड, खिळा दोनवर. पायथागोरसचं प्रमेय तिथेच पडलं आहे, मुलांना ते शोधू द्या.

नदीकाठ, तुमचा मुद्दा गंभीर आहे आणि मी तो वर्षानुवर्षं शिक्षकांच्या बैठकीत ऐकला आहे. तरी लंबवर्तुळ काढून टाकायला माझा ठाम विरोध आहे.

याच आकाराला आपल्याकडे फार जुनं नाव आहे, ‘आयतवृत्त’. महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात गणितसारसंग्रह लिहिला, त्यात ते येतं. ‘आयत’ म्हणजे ताणलेलं, लांबवलेलं. ताणलेलं वृत्त ते आयतवृत्त. तसाच दुसरा शब्द आयतचतुरस्र, म्हणजे ताणलेला चौकोन. पुढे त्यातलं चतुरस्र गळलं आणि नुसता ‘आयत’ उरला. तोच आपला चौथीतला आयत! म्हणजे आज आपण आयतवृत्त हा शब्द ठेवला असता, तर ताईंच्या विद्यार्थिनीने विचारलं असतं, “बाई, यात आयत कुठे आहे?” आणि तोही प्रश्न इतकाच रास्त ठरला असता. एका शब्दाला दोन अर्थ असणं हा शिकवण्यातला अडथळा नाही. ओळंबा घेऊन वर्गात जावं, दाराच्या चौकटीवरून सोडून दाखवावा, दोन्ही अर्थ मुलांच्या डोळ्यांसमोर लोंबतात. विवृत्त विश्वकोशात आणि कॉलेजात खुशाल असो. पण तो ऐकून पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला आकार दिसत नाही, लंबवर्तुळ ऐकून दिसतो. दहावीतल्या मुलासाठी मला तो दिसणाराच शब्द हवा.

ज्यांना ग्रीक नाव मोठं शास्त्रीय वाटतं त्यांच्यासाठी: ‘एलिप्स’ या नावातही आकाराचा मागमूस नाही. त्याचा मूळ अर्थ ‘कमी पडणे’. पर्गा गावच्या अपोलोनियसने इ. स. पू. २०० च्या सुमारास शांकवांवर ग्रंथ लिहिला आणि एका ठरावीक आयताच्या क्षेत्रफळाशी तुलना करून नावं दिली. जिथे वक्राच्या उंचीचा वर्ग त्या आयताहून कमी भरतो तो एलिप्स, बरोबर भरतो तो पॅराबोला, जास्त भरतो तो हायपरबोला. नावं ठेवण्याची ही रीत सुंदर आहे, पण ती कळायला आधी सगळं गणित यावं लागतं.

महावीराचार्यांनी आयतवृत्ताचा परीघ काढायची रीतही दिली आहे. रुंदीच्या वर्गाची सहापट घ्या, लांबीच्या दुपटीचा वर्ग त्यात मिळवा आणि वर्गमूळ काढा. मुलांकडून हे करून घ्या. लांबी १० आणि रुंदी ६ घेतली तर ४०० अधिक २१६, म्हणजे ६१६, त्याचं वर्गमूळ सुमारे २४.८. खरा परीघ २५.५ च्या जवळ आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या रीतीला फरक इतका थोडा! लांबी-रुंदी सारखी घेतली तर याच रीतीने वर्तुळाचा परीघ व्यासाच्या √१० पट येतो, म्हणजे π च्या जागी √१० धरलेला आहे. क्षेत्रफळाला मात्र ते हा परीघ रुंदीच्या चौथ्या हिश्शाने गुणायला सांगतात. ते वर्तुळाला जमतं, लांबट आकाराला जमत नाही. वरच्या उदाहरणात ३७ येतं, खरं ४७ च्या पुढे आहे. दोन्ही आकडे मुलांसमोर ठेवावेत, असं माझं मत आहे. पूर्वजांचं काय बरोबर होतं तेवढंच सांगितलं तर मुलं त्यांना नमस्कार करतात. कुठे अडलं तेही सांगितलं की त्यांच्याबरोबर बसून गणित सोडवतात. आणि परीघाचं काम सोपं नाहीच. त्याला आजही साधं नेमकं सूत्र नाही. रामानुजनने १९१४ साली जी जवळपासची सूत्रं दिली, ती आजही वापरली जातात.

आता लंबगोल. तुम्ही म्हणता तसं शास्त्रात गोल म्हणजे चेंडूसारखी घनाकृती. भूगोल, खगोल, अर्धगोल, दंडगोल, आणि भास्कराचार्यांचा गोलाध्याय. त्या न्यायाने वरवंटा लंबगोल आणि आरसा लंबवर्तुळाकार. परीक्षेच्या कागदावर हा भेद मी पाळायला लावीन. पण बोलीत आपण पोळीही गोल लाटतो आणि लाडूही गोल वळतो. तिथे लंबगोल आरसा म्हणणाऱ्या दुकानदाराला चुकीचं म्हणायचं कारण नाही. त्याच्या गिऱ्हाईकाला बरोबर तोच आरसा मिळतो.

अश्विनी_कराड

सर, तुमचे दोन्ही प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. ओळंबा शेजारच्या बांधकामावरून मागून आणला आणि काल वर्गात दारातून सोडला. ती मुलगी आता सगळ्यांना लंबकर्ण समजावून सांगते आहे. सुतारदादांचे दोन खिळे पुठ्ठ्यावर टाचण्या लावून केले, मापं त्यांचीच, फक्त फुटांऐवजी सेंटिमीटर आणि तीही दुप्पट.

एक शंका राहिली. अंडाकृती आणि लंबवर्तुळ यांत फरक करावा का? दोन मुलांनी पृथ्वीची कक्षा अंडाकृती लिहिली आहे. आणि सगळ्यांनीच ती इतकी लांबट काढली आहे की सूर्य अगदी एका टोकाला गेला आहे.

खानदेशी_मास्तर

फरक करावाच. अंड्याचं एक टोक बोथट आणि एक निमुळतं असतं. ते उभ्या अक्षावर दुमडलं तर दोन अर्धे सारखे येतात, आडव्यावर दुमडलं तर येत नाहीत. लंबवर्तुळ दोन्हीकडून दुमडलं तरी जुळतं. कागद कापून दाखवा, लगेच कळतं. मात्र त्या दोन मुलांना सांगा की हाच विचार खुद्द केप्लरनेही केला होता. टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाने घेतलेल्या मंगळाच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. वर्तुळ धरून केलेल्या त्याच्या गणितात ८ कलांचा, म्हणजे एका अंशाच्या आठव्या भागाहून किंचित जास्त फरक उरला. टायकोच्या नोंदी इतक्या चुकणार नाहीत असा त्याला विश्वास होता, म्हणून त्याने वर्तुळ सोडलं. मग अंड्यासारखी कक्षा धरून तो दीर्घकाळ झगडला. लंबवर्तुळापाशी तो त्यानंतर पोहोचला, आणि ते १६०९ मध्ये छापून आलं.

चित्राचं दुखणं जुनं आहे. पुस्तकातली आकृती समजावी म्हणून ताणून काढतात आणि मुलांना वाटतं पृथ्वी खरोखरच तशी फिरते. तुम्ही १० सेंटिमीटर लांबीची कक्षा खऱ्या प्रमाणात काढायला सांगा. तिची रुंदी लांबीपेक्षा जेमतेम ०.०१४ मिलिमीटरने कमी येईल, पेन्सिलीची रेघ त्याहून किती तरी जाड असते. म्हणजे कंपासने वर्तुळच काढावं. सूर्य मात्र मध्यापासून सुमारे ०.८ मिलिमीटर बाजूला ठेवावा लागेल, तो सरकलेला नीट बघितलं तर दिसतो. याच सरकण्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर. आपला उन्हाळा-हिवाळा त्याने होत नाही, तो अक्षाच्या कलण्याने होतो, हेही त्याच तासाला सांगून टाका, नाहीतर पुढचा घोटाळा तिथे सुरू होतो.

ज्यांना खरोखर लांबट कक्षा काढायची हौस आहे त्यांना हॅलीचा धूमकेतू द्या. त्याच्या कक्षेची रुंदी लांबीच्या साधारण एक चतुर्थांश आहे. टाचण्या अगदी दोन टोकांजवळ येतील, तेव्हा पुठ्ठा मोठा घ्या आणि सुतारदादा म्हणतात तशी गाठ घट्ट मारा.